सिंहलद्वीप आणि भोगवर्धन : स्थलनाम, स्थलकथा आणि पुरावा

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. या रांगेतील प्रसिद्ध लेण्यांपैकी सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एका बेटाच्या नावाची कथा भिंतभर रंगविलेली आहे. लेण्याचा काळ इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. कथा ‘सिंहलावदाना’ची असून ती ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात आलेली आहे. सार्थवाहाचा पुत्र सिंहल हा रत्नांच्या शोधार्थ समुद्रावर जातो. गलबत फुटून तो सोबत्यांसह ताम्रद्वीपावर पडतो. तेथील सुंदर स्त्रिया वस्तुतः राक्षसी असतात. बालाह नावाचा दिव्य अश्व सिंहलास पैलतीरी आणतो. मागाहून आलेली एक राक्षसी राजास मोहात पाडून त्याचा घास घेते. प्रजा सिंहलास राजा करते. आणि तो सैन्यासह त्या बेटावर उतरून राक्षसींचा पाडाव करतो. तेव्हापासून ताम्रद्वीपास सिंहलद्वीप म्हणू लागले, असा कथेचा शेवट आहे.

याच बेटाच्या याच नावाची दुसरी कथा पालीतील ‘महावंसा’त आहे. तिच्यात सिंहल नावाचा व्यापारी नाही, बालाह अश्वही नाही. सिंहाच्या पोटी जन्मलेला सीहबाहू हा त्या सिंहास मारतो. त्याचा उद्दाम पुत्र विजय देशोधडीस लागतो. त्याचे जहाज प्रथम सुप्पारकास, म्हणजे आपल्या वसई तालुक्यातील सोपाऱ्यास लागते. तेथेही अनुयायांच्या दांडगाईमुळे थारा न मिळाल्याने तो पुढे बेटावर उतरतो. थकलेल्या सोबत्यांनी जमिनीवर हात टेकले, ते तांबड्या मातीने माखले, म्हणून त्या भूमीस तंबपण्णी हे नाव पडले. आणि सिंहास धरणाऱ्याचे वंशज म्हणून ते लोक सीहळ झाले.

एकाच नावाच्या या दोन कथांत एकमेकींशी जुळणारे असे फारच थोडे आहे. एकीत नाव व्यक्तीचे, दुसरीत कुळाचे. एकीत व्यापार, दुसरीत हद्दपारी. दोहोंत स्थिर आहे ते केवळ नाव. कथेतून नाव निघाले असते तर कथा एक राहिली असती आणि नावाची रूपे अनेक झाली असती. येथे नाव आधी होते, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी ज्याने त्याने आपापल्या सोयीने कथा रचली, असेच मानणे प्राप्त आहे.

कोरीव लेखांचा आणि परदेशी ग्रंथकारांचा पुरावा या अनुमानास बळकटी देतो. अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखात दक्षिणेकडील देशांच्या यादीत तंबपंनी येते. अलेक्झांडरच्या काळापासून ग्रीक लेखकांना ठाऊक असलेले ‘ताप्रोबाने’ हे रूप याच नावाचा ग्रीक उच्चार होय. टॉलेमी मात्र इ. स. दुसऱ्या शतकात सांगतो की, ताप्रोबाने बेटास आता ‘सालिके’ आणि तेथील लोकांस ‘सालाइ’ म्हणतात. म्हणजे तोपर्यंत खलाशांच्या तोंडी दुसरे नाव रुळू लागले होते. तिसऱ्या शतकात नागार्जुनकोंड्याच्या प्राकृत लेखांत तंबपंनीचा निर्देश आहे आणि सीहळविहाराचाही. दोन्ही नावे तेथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात ‘सैंहलक’ हे रूप आले आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने कुंचला उचलला तेव्हा सिंहल हे नाव निदान दोन शतके प्रचारात होते.

याच नावास ‘द्वीप’ शब्द जोडून झालेले प्राकृत रूप परदेशी कानांवर पडले. चौथ्या शतकातील रोमन इतिहासकार आम्मिआनुस ‘सेरेंदिवी’ लोकांचा उल्लेख करतो, तर सहाव्या शतकातील कॉस्मास ‘सिएलेदिबा’ असे लिहितो. एकाकडे र, दुसऱ्याकडे ल. दोन्हींत मधला ह नाहीसा झालेला. शेवटचे ‘दिव’ किंवा ‘दिबा’ हे मराठी वाचकास परके वाटू नये. दीव, अंजदीव, मालदीव या नावांत तेच द्वीप आहे. पुढे अरबांनी सरनदीब केले, पोर्तुगीजांनी सेइलाव, डचांनी झेलान आणि इंग्रजांनी सिलोन. रूपे कितीही दूर गेलेली दिसली, तरी प्रत्येक पायरी दाखविता येते. लंका हे नाव मात्र या साखळीतील नव्हे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात नदीतील बेटांना आजही लंका म्हणतात, आणि ‘बेट’ हाच या शब्दाचा मूळ अर्थ असावा, असे मानण्यास तो व्यवहार पुरेसा आधार देतो. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा जी नदी आखते, तिच्याच मुखाशी हा शब्द अद्याप सामान्यनाम म्हणून जिवंत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सिलोन १९४८ मध्ये स्वतंत्र झाले ते सिलोन या नावाने. २२ मे १९७२ रोजी नव्या संविधानाने त्यास श्रीलंका हे नाव दिले. (मराठी घरांतून मात्र त्यानंतरही ‘रेडिओ सिलोन’च ऐकला गेला. कायद्याने बदललेले नाव जिभेवर यावयास वेळ लागतो, हे काही त्या बेटापुरतेच खरे नाही.)

तथापि सिंहलावदानाची कथा सर्वस्वी टाकाऊ आहे, असेही नव्हे. नावाचे कारण म्हणून ती निरुपयोगी आहे. पण ताम्रद्वीप हे नाव आधीचे आणि सिंहलद्वीप मागाहूनचे, हा क्रम तिने अचूक जपला आहे. अशोकाचा लेख आणि टॉलेमीचा ग्रंथ जे सांगतात तेच ती सांगते. स्थलकथेचे काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा हा एक नमुना होय. अजिंठ्याचा डोंगर उतरून भोकरदनास आल्यावर तोच नमुना हाती धरून चालावयाचे आहे.

भोकरदन हे केळना नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन होय, हे मत अभ्यासकांत मान्य झालेले आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवढन येथील दात्यांचा निर्देश येतो. मार्कंडेयपुराणात दक्षिणेकडील जनसमूह सांगताना अश्मक, कुंतल, आंध्र यांच्या पंक्तीत भोगवर्धनांचेही नाव आहे. नाशिक जिल्ह्यातील अभोणे येथे सापडलेल्या कलचुरी राजा शंकरगण याच्या, इ. स. ५९७ च्या सुमाराच्या ताम्रपटात ‘भोगवर्धन’ नावाच्या विषयातील जमिनीचे दान नोंदलेले आहे. विषय म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग, हे येथे सांगितले पाहिजे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन वस्तीचे भरघोस अवशेष त्यातून पुढे आले. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या विशेष लक्षात आले. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा त्या शैलीची मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली होती. सांचीस दान पाठविणारे आणि हस्तिदंताच्या कारागिरीत पटाईत असे नगर येथे नांदत होते, याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

इतका पुरावा असताना भाषाशास्त्राने आणखी काय सांगावयाचे, असे कोणी विचारील. सांगावयाचे ते असे की, भोगवर्धनापासून भोकरदन हे रूप सरळ मार्गाने निघत नाही. आणि ज्या वाकड्या मार्गाने ते निघते, त्यातच या गावाच्या इतिहासाचा एक भाग दडलेला आहे.

मराठवाड्यातील दोन प्राचीन नगरांची नावे प्रथम पाहू. तगर या नावाचे आज तेर झाले आहे. दोन स्वरांमधील ग प्राकृतात लोप पावतो आणि त्याच्या जागी य-श्रुती येते. तगर, तयर, तेर हा क्रम अगदी नियमाप्रमाणे आहे. प्रतिष्ठानाचे पैठण झाले तेही नियमानेच. पितळखोऱ्याच्या लेण्यातील लेखात ‘पतिठान’ आहे; इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘पैठाना’ आणि टॉलेमीकडे ‘बैठाना’. म्हणजे लेखनिक पतिठान लिहीत असले तरी बाजारातला उच्चार दोन हजार वर्षांपूर्वीच आजच्या पैठणाजवळ येऊन ठेपला होता. परदेशी व्यापाऱ्यास व्याकरण ठाऊक नसते, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. (इंग्रजांनी १८०३ च्या लढाईमुळे याच परिसरातील असई गावाचे नाव जगभर नेले, ते ‘असाये’ असे करून, तेही एका अर्थी त्याच जातीचे साधन आहे.)

हाच न्याय लावला तर भोगवर्धनाचे काय व्हावयास हवे होते? भोगमधील ग गळून भोअ किंवा भोव. वर्धनचे प्राकृतात वड्ढण आणि मराठीत वाढण. आपला ‘वाढणे’ हा धातू याच वर्धपासून आलेला आहे, आणि सांचीच्या लेखातील ‘वढन’ हे रूपही याच वाटेवरचे आहे. तेव्हा आजचे नाव भोवाढण अशासारखे काहीतरी व्हावयास हवे होते. मुख्य म्हणजे त्यात र उरावयास नको होता. सर्पाचा साप झाला, कर्माचे काम झाले. व्यंजनापूर्वीचा र मराठीने कोठेही ठेवलेला नाही. भोकरदनात मात्र तो ठसठशीत उभा आहे.

याचा अर्थ एवढाच की, हे नाव सांचीच्या दात्यांच्या प्राकृत उच्चारातून सलग उतरलेले नसून संस्कृत रूपातून उशिरा झिजलेले आहे. ताम्रपटातला भोगवर्धन-विषय येथे उपयोगी पडतो. विषयाचे ठाणे असलेल्या गावाचे नाव दानपत्रांतून, अधिकाऱ्यांच्या तोंडून आणि महसुलाच्या व्यवहारातून संस्कृत रूपात पुनःपुन्हा उच्चारले जाते. लोकांच्या बोलीत पूर्वीचे प्राकृत रूप असलेच, तर या दरबारी उच्चाराने त्यास मागे सारले असावे. तगरचे उदाहरण उलट दिशेने बोलके आहे. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत राहिले. पण ते तेथे राज्य करीत नव्हते, आणि गावकऱ्यांच्या जिभेवरील तेर त्या बिरुदाने बदलले नाही. बिरुद आणि प्रत्यक्ष कारभार यांचा नावावर होणारा परिणाम सारखा नसतो.

या अनुमानास एक भक्कम जोड विदर्भात आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकजवळचे नगरधन होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. तेथे अलीकडे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा सापडल्याने त्या मतास पुष्टी मिळाली आहे. आता ही दोन नावे शेजारी मांडून पाहावीत. नंदिवर्धनाचे नगरधन, भोगवर्धनाचे भोकरदन. दोहोंत वर्धनातील व गेला आहे, दोहोंत र राहिला आहे, दोहोंत जोडाक्षर फुटून र सुटा झाला आहे. प्रथम नंदर्धन आणि भोगर्धन, मग नंदरधन आणि भोगरधन, अशी मधली पायरी कल्पिली की दोन्ही रूपांचा उलगडा होतो. नंदिवर्धन ही राजधानी आणि भोगवर्धन हे विषयाचे नाव. दोन्ही ठिकाणी संस्कृत लेखव्यवहार रुजलेला. ही जुळणी योगायोगाची म्हणता येत नाही.

दोहोंतील भेदही तितकाच बोधप्रद आहे. नगरधनात ध कायम आहे, भोकरदनात त्याचा द झाला. मराठीत शब्दाच्या आरंभी महाप्राण वर्ण असला, तर पुढचा महाप्राण बहुधा अल्पप्राण होतो. भिक्षेची भिक्खा आणि तिची भीक, बुभुक्षेपासून भूक. हिंदीने भीख आणि भूख ठेवले, मराठीने दुसरा महाप्राण सोडला. भोगरधनाच्या आरंभी भ असल्याने ध टिकला नाही. नंदरधनाच्या आरंभी तसा वर्ण नसल्याने टिकला. एकाच नियमाने एक बदल घडावा आणि दुसरा टळावा, असा दाखला स्थलनामांत क्वचित मिळतो.

ग चा क मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. येथे लोकव्युत्पत्तीचा हात आहे. भोगरदन या अर्थहीन झालेल्या शब्दात ऐकणाऱ्यास ओळखीचे काही ऐकू यावयास हवे होते, आणि ‘भोगर’च्या अगदी जवळ ‘भोकर’ हा शब्द तयार होता. ज्याच्या फळांचे लोणचे घालतात ते भोकराचे झाड मराठवाड्यास परके नाही. नांदेड जिल्ह्यात तर भोकर हे तालुक्याचेच गाव आहे. नंदरधनाच्या बाबतीतही असेच घडले. ‘नंदर’ या तुकड्यास अर्थ नव्हता, ‘नगर’ या शब्दास होता. तेव्हा नंदरचे नगर झाले. शेवटचे दन किंवा धन तसेच राहिले. अर्धे नाव समजले एवढ्यावर जनसामान्यांचे समाधान होते.

नावाच्या अर्थाविषयी थोडेसेच सांगावयास हवे. ‘भोग वाढविणारे’ हा अर्थ उघड आहे. भोग म्हणजे उपभोग, समृद्धी, तसेच जमिनीचे उत्पन्न आणि त्यावरून प्रशासकीय विभागही. पुंड्रवर्धन, नंदिवर्धन, नाशिकच्या लेखांतील गोवर्धन ही सर्व मंगलवाचक नावे एकाच साच्यातील आहेत. पुराणात ते लोकांचे नाव म्हणून येते, यात विसंगती नाही. देशावरून लोक आणि लोकांवरून देश ही अदलाबदल नेहमीची आहे.

आता जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याकडे वळावयाचे. जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. गावाच्या नावासंबंधीची दंतकथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात नोंदली गेली आणि तेथून पुढे इतिहास म्हणून उद्धृत होत राहिली. तीनुसार येथे सीतेचे वास्तव्य होते आणि गावाचे नाव जनकपूर होते. पुढे एका धनिक मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून ते जालना झाले. तो जातीने जुलाहा, म्हणजे विणकर, होता, त्यावरून हे नाव आले, असे स्पष्टीकरण सोबत जोडले जाते.

ध्वनींच्या कसोटीवर यातील काहीच उतरत नाही. जनकपुराचे जालना होणे अशक्य. त्याचा दावा दंतकथाही करीत नाही, ती नाव बदलले एवढेच म्हणते. जुलाहा आणि जालना यांत ज आणि ल सोडल्यास साम्य नाही. उ चा आ का व्हावा, आणि हा च्या जागी ना कोठून यावा, यास मराठीत किंवा दखनीत आधार मिळत नाही. शिवाय शिवाजी महाराजांच्या १६७९ च्या स्वारीसंबंधात मराठी बखरींत ‘जालनापूर’ असे रूप येते. म्हणजे जालना हा शब्द त्या काळी पूर लावून घेण्याइतका घट्ट रुजलेला होता. जातिवाचक शब्दापासून ग्रामनाम बनते तेव्हा जातीचे नाव ओळखू येण्याजोगे राहते. येथे ते तसे नाही.

परंतु सिंहलावदानास लावलेला न्याय येथेही लावला पाहिजे. दंतकथेत विणकर व्यापारी आहे, राजा नाही, ऋषीही नाही. अंबडास अंबराजाची, मत्स्योदरीस माशाच्या आकाराच्या टेकडीची कथा चिकटली. जालन्यास चिकटली ती मागावर बसणाऱ्या आणि पैसा मिळविणाऱ्या माणसाची. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण दखनी बाजाराच्या भाषेत आहे, हेही त्याच्याशी सुसंगत होय. नावाची व्युत्पत्ती म्हणून जुलाह्याची कथा सोडून द्यावी. पेठ कोणी उभी केली याविषयीची गावाची आठवण म्हणून ती जपून ठेवावी. जनकपुराचा भाग तिच्यावर चढविलेला दुसरा थर दिसतो. गोदावरीकाठची बहुतेक जुनी गावे रामाच्या वनवासाशी नाते सांगतात. त्यांच्या पंक्तीस बसण्यासाठी व्यापारी पेठेसही सीतेचे वास्तव्य लागले असावे.

भोकरदनाच्या बाबतीत सांचीचा दगड, अभोण्याचा ताम्रपट आणि केळनाकाठची खोदाई या तिन्ही साक्षी मिळाल्या, म्हणून झिजलेल्या नावामागचे मूळ रूप सांगता आले. जालन्याच्या नावाचा विचार जालनापूर या रूपापासूनच मागे नेला पाहिजे. यादवकालीन आणि बहमनी कागदपत्रांत, महानुभावांच्या स्थळवर्णनांत आणि कुंडलिकेच्या काठच्या जुन्या शिळांवर या रूपाचा शोध घेणे हे काम आहे; ते करताना जुलाहा आणि जनक या दोघांनाही काही काळ बाजूस बसवावे लागेल.